भोकं पाडलेली सावली

मला मेलीला अजून ओकारी येते. दुकानाचं शटर वर केलं की समोर तो पत्रा दिसतो आणि सकाळची कॉफी घशाशी येते. आमच्या रस्त्याचा हा नवा शृंगार माझ्याच पोटच्या पोरीनं केलाय, हे आधीच सांगून टाकते. नंतर कोणी माझ्या पाठीमागे कुजबुजायला नको.

मी सीतालक्ष्मी. कुंभकोणम्‌मध्ये पेरुमाळाच्या, म्हणजे विष्णूच्या, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकराचं कापड. हे गेले तेव्हापासून मी गल्ल्यावर बसते आणि तिथंच बसून म्हातारी होतेय. घरात आम्ही मराठी बोलतो, उंबऱ्याबाहेर तमिळ. तंजावरला मराठे राजे होते तेव्हा आमचे लोक इकडे आले ते इथलेच होऊन राहिले, आणि आमची मराठीही त्यांच्याबरोबर इथंच राहिली.

दुकानासमोर करंजाचं झाड होतं. चांगलं दांडगं, अर्ध्या रस्त्यावर पसरलेलं. त्याच्याखाली टाऊनबसला थांबलेली माणसं, केळीवाला, देवळातून बाहेर पडून चपला शोधणाऱ्या म्हाताऱ्या, आणि खोडाला पाठ टेकून अलमेलू. अलमेलू फुलं विकते. मोगरा, अबोली, मरवा, पेरुमाळासाठी तुळशीच्या माळा. केळीच्या सोपाच्या दोऱ्यानं असं भराभरा गुंफते की तिची बोटं दिसत नाहीत, आणि हातभर मोजून देताना गिऱ्हाईक ओळखीचं असलं तर मुठीएवढा गजरा वर सोडते. माझी मधुमिता शाळेतून आली की दप्तर माझ्या दुकानात टाकून तिच्या मांडीवर जाऊन बसायची. रोज एक गजरा फुकट. मी ओरडायचे, तर अलमेलू म्हणायची, "असू दे अक्का, केस कुणाचे आहेत? आमच्या पोरीचेच ना?"

आता फुलाचं एक असतं. मोगऱ्याला ऊन चालत नाही. ओल्या गोणपाटाखाली, सावलीत ठेवला तर संध्याकाळपर्यंत कळी टपोरी राहते. उन्हात ठेवलात तर जेवणवेळेपर्यंत कडा तांबूस, आणि मग त्याला कुत्रं विचारत नाही. अलमेलूचं पोट त्या झाडाच्या सावलीवर चालायचं. यात कविता वगैरे काही नाही, सरळ धंद्याची गोष्ट आहे.

मधुमिता शिकून आर्किटेक्ट झाली आणि चेन्नैच्या एका मोठ्या ऑफिसात लागली. मग आमच्या रस्त्याच्या सुशोभनाचं काम त्या ऑफिसला मिळालं, आणि बाईसाहेब त्याच्या प्रमुख. मी रस्ताभर पेढे वाटले. अलमेलूनं तिची दृष्ट काढली, मिरच्या जाळून. सगळ्या रस्त्याला ठसका लागला.

एका दुपारी ती माझ्या कापड कापायच्या टेबलावर तिचं मॉडेल घेऊन आली. पुठ्ठ्याचा इवलासा रस्ता, इवली माणसं, आणि वर चार खांबांवर एक पातळ पत्रा, त्याला नक्षीची भोकं. "दिवा घालव गे आई," म्हणाली, आणि मोबाइलची बॅटरी वर धरली. खाली पुठ्ठ्यावर केळीच्या पानांची सावली उमटली. दिसायला सुरेख होतं, खोटं का बोलू?

"आई, लोक विटांनी बांधतात, दगडानं बांधतात. मी सावलीनं बांधतेय. सावली हेच माझं मटेरियल."

"बरं. आणि झाड कुठं गेलं यातलं?"

"झाड जाणार."

"का?"

"झाडाची सावली पडत राहिली तर पत्र्याची नक्षी दिसणार कशी? त्यासाठी स्वच्छ ऊन पडायला हवं."

सावली करायची म्हणून ऊन पाहिजे, आणि ऊन पाहिजे म्हणून सावलीचं झाड पाडायचं! असलं डोकं चालवायला पाच वर्षांचं कॉलेज लागतं होय? मी तसं म्हटलंसुद्धा. ती हसली. मोठ्या शिकलेल्या मुली आयांना हसतात तसं.

"आणि अलमेलू?"

"ही बघ." पत्र्याखाली एक बाक होता आणि बाकाशेजारी तांदळाएवढी बाहुली, टोपली घेतलेली. "ही अलमेलू अम्मा. तिची जागा मी कायमची आखलीय. वचन देते, आई."

वचन दिलं म्हटल्यावर मी दिवा लावला आणि गल्ल्यावर जाऊन बसले. झाड पाडलं त्या दिवशी अलमेलू टोपली घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसली. करवत चालू होती तोवर ती फुलं गुंफत होती आणि मध्येच पदरानं डोळ्यांतला भुसा काढत होती. कावळ्यांनी काव काव करून डोकं उठवलं. मग फुटपाथच्या रेषेत येतो म्हणून माझा ओटाही तोडला. माझ्या दारात आता पायरीसुद्धा नाही, उंच उडी मारल्यासारखं आत यावं लागतं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना मी हात देऊन ओढून घेते.

पत्र्याचं काम चालू असताना मध्येच बदरीनाथ शिरले. हे आमच्यातलेच, बँकेतून रिटायर होऊन सुशोभन समितीचे अध्यक्ष झालेले. दंडांवर, कानशिलांवर गोपीचंदनाच्या मुद्रा ठसठशीत, आणि जगाला शिकवायची हौस अंगात मावत नाही. समितीत म्हणाले, केळीची पानं काय, हॉटेल आहे काय हे? पेरुमाळाचा रस्ता आहे. मध्ये नाम घाला, कपाळावरचा तो तीन उभ्या रेघांचा टिळा, दोन बाजूंना शंख आणि चक्र. भर दुपारी पेरुमाळाची खूण रस्त्यावर उतरू दे.

आणि माझ्या पोरीला ते आवडलं! मला फोनवर सांगत होती, आयकॉनिक होणार, वरून ड्रोननं काय दिसेल, अमुक आणि तमुक.

"अगो, देवाचं नाम जमिनीवर पाडणार? माणसं चालतात तिथं?"

"आई, ती सावली आहे. सावलीला कोण देव मानतं?"

"तू याच रस्त्यावर वाढलीस ना गे?"

"म्हणूनच तर मला रिलेट होतं," म्हणाली आणि फोन ठेवला. पत्रे आधीच कापून झाले होते.

पोंगलच्या, आपल्या संक्रांतीच्या, सुमाराला उद्घाटन झालं. हार, भाषणं, मधुमितेला शाल. सकाळी ऊन तिरकं होतं तेव्हा सावली पलीकडे भिंतीवर पडली होती, कुणाला काही कळलं नाही. अलमेलू नव्या बाकाशेजारी गोणपाट पसरून बसली. बसला थांबलेल्या कॉलेजच्या मुली बाकावर टेकल्या. केळीवाल्यानं गाडी आत घेतली. मला वाटलं, चला, झाडाएवढी थंडाई नाही पण डोक्यावर काहीतरी आहे.

मग ऊन चढलं. भिंतीवरची सावली उतरली, फरशीवर आली, सरकत सरकत मध्ये आली. आणि बरोबर अलमेलूच्या मांडीवर शंख.

"ऊठ! ऊठ आधी!" बदरीनाथ असे किंचाळले की माझ्या हातातली कात्री पडली. "पेरुमाळाच्या शंखावर बूड टेकून बसलीस? लाज नाही?"

अलमेलू टोपलीसकट उठली. खाली बघितलं, आणि दोन्ही गालांवर चापट्या मारून घ्यायला लागली, देवाची क्षमा मागताना मारतात तशा. कॉलेजच्या मुली उठल्या. एकीच्या चपलेखाली चक्र होतं, ती तर रडकुंडीला आली. केळीवाल्यानं गाडी अशी मागे ओढली की घडच्या घड खाली. क्षणात पत्र्याखाली चिटपाखरू नाही. सगळी माणसं कडेला, रणरणत्या उन्हात, हात जोडून. मधुमिता तोवर चेन्नैच्या गाडीत बसली होती.

त्या दिवसापासून आमच्या रस्त्यावर हाच तमाशा. सावली आहे, पण तिच्यात पाय टाकायचा नाही. देवळात जाणारी माणसं नामाला वळसा घालून तापलेल्या ग्रॅनाइटवरून अनवाणी टणाटणा उड्या मारत जातात. पत्रा तर असा तापतो की खाली हात नेला तरी तव्यावर धरल्यासारखं वाटतं, पण ते अनुभवायलाही आत जायची कुणाची छाती नाही. पहिल्या आठवड्यात कुणीतरी पणती ठेवली. मग रांगोळी आली. मग कापूर. मग बदरीनाथांनी स्टीलचं रेलिंग बसवलं, घंटा टांगली आणि रोज दुपारी आरती चालू केली. सावलीची आरती! मी हसून हसून मरायची, पण हसू येईना.

कारण घाण माझ्या दारात. रेलिंगपाशी चपला काढायच्या, त्यांचा ढीग माझ्या दुकानासमोर. सांडलेलं तूप, त्याच्यावर माश्या, चिकट झालेली केळीची सालं, कापराची काजळी. प्रसादाचे द्रोण गटारात तुंबतात. आणि दर्शन झालं की हेच भक्त चार पावलं पुढं जाऊन पानाची पिंक टाकतात, भिंतीवर, जिथं पितळी पाटीवर माझ्या लेकीचं नाव कोरलंय. शी! संध्याकाळी मी बादलीभर फिनेल ओतते तरी वास जात नाही. पोपलिनच्या ताग्यांना त्याचा वास लागतो. गिऱ्हाईक कापड नाकाशी नेतं आणि खाली ठेवतं.

अलमेलूला कुठं बसवायचं? मी तिला दुकानात घेतलं. दोन दिवस बसली ताग्यांच्या आड, चोरासारखी. रस्त्यावरून जाणाऱ्याला फूल दिसलं तर तो थांबतो. माझी दारातली उडी मारून मोगरा घ्यायला कोण येतंय? टोपली भरलेलीच परत गेली. तिसऱ्या दिवशी ती रेलिंगच्या बाहेर जाऊन बसली, काळी छत्री घेऊन. छत्री स्वतःवर कमी आणि फुलांवर जास्त.

चित्रै महिना लागला, ऊन तापलं की आम्ही दुकानदार दरवर्षी रस्त्यावर झावळ्यांचा मांडव घालायचो. बांबू उभे करायचे, वर नारळाच्या झावळ्या, खाली रांजणात ताक, आलं-मिरची लावलेलं. येणाराजाणारा घोटभर पिऊन जायचा. यंदा मी बांबूवाल्याला बोलावलं तर बदरीनाथ दत्त. "मांडव नाही. मांडवानं पेरुमाळाची सावली झाकली जाईल. आर्किटेक्टचीही मनाई आहे, कागद आहे माझ्याकडे." आर्किटेक्ट म्हणे! मी बाळंतपणात बेचाळीस टाके घालून घेतलेत त्या आर्किटेक्टसाठी.

त्याच आठवड्यात अलमेलू पडली. समोरच पडली, मी गिऱ्हाइकाला अस्तर दाखवत होते. छत्री उलटी, टोपली उलटी, आणि अलमेलू रेलिंगला धरून हळूहळू खाली. मी ओरडत गेले. तिचे डोळे फिरले होते, अंग भट्टीसारखं. हातभर अंतरावर सावली होती, रेलिंगच्या आत. मी तिला खांद्याला धरून तिकडे ओढायला लागले, तर त्या अर्धमेल्या बाईनं हातपाय झाडले. "नको अक्का! तिथं नको!" शेवटी तिला उन्हातून रस्ता ओलांडून दुकानात आणलं, फॅनखाली निजवलं, मिठाचं ताक पाजलं. डॉक्टर म्हणाले, उन्हात बसलात तर पुढच्या वेळी उठणार नाहीत. ती म्हणाली, बरं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली घेऊन हजर. फुलं घरी ठेवून फुलवाली काय खाणार?

मी फोन केला. काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं नाही. पण मागणं एकच होतं.

"मधू, नक्षीचे पत्रे काढ आणि साधे बसव. बिनभोकांचे. मग कसलं नाम नाही, कसला शंख नाही, माणसं खाली बसतील. तुझ्या हातात आहे ना?"

"आहे, आई. गॅरंटीचं वर्ष संपेपर्यंत माझी सही चालते."

"मग कर सही."

"आत्ता नाही. एका मोठ्या अवॉर्डसाठी आपलं काम शेवटच्या तिनात आलंय. ज्युरी बघायला येणार आहेत. ते बघून जाऊ देत, मग बघू."

"ती मरेल गे तोवर!"

"आई, पंधरवड्याचा प्रश्न आहे. अलमेलू अम्माला सांग घरी विश्रांती घे, मी पैसे पाठवते."

तिनं ते असं सांगितलं, जसं कुणी दुकानात म्हणावं की हा रंग नसला तर तो दाखवा. मी फोन ठेवला आणि तोंड धुतलं. खरंच धुतलं, साबण लावून.

ज्युरी आले. चित्रैतली दुपार, ऊन बरोबर डोक्यावर. त्या दिवसांत इथं मध्यान्हीला माणसाची सावली त्याच्या पायाखालीच नाहीशी होते. तो दिवस मधुमितेनंच निवडला होता, कारण नाम तेव्हा अगदी मधोमध पडतं. ती आली, पांढऱ्या साडीत, केस बांधलेले, वाळली होती. मला मिठी मारली. मी मारू दिली.

दोघं परीक्षक होते. एक लावण्या म्हणून बाई, सारखी फोटो काढणारी. दुसरे शशांक, पुण्याचे, लिननचा कुडता आणि डोक्यावर गवती हॅट. मी आपली रीत म्हणून म्हटलं, "या, आत बैसा. जेवण जालं काय?"

तर त्या गृहस्थाला उमाळाच आला. "बैसा! जालं! अहो, लावण्या, ऐकलंत? तीनशे वर्षांपूर्वीची मराठी आहे ही, जशीच्या तशी! आई, अजून बोला ना काहीतरी." आणि मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. म्हटलं, बापा, जेवण झालं का एवढंच विचारलं, खजिना नाही सापडला तुला. मला माझ्याच बोलण्याची किळस यायला लागली.

बाहेर आरतीची गर्दी जमली होती. सावलीभोवती माणसं, सगळी उन्हात, घामानं निथळत, पोरंबाळं घेऊन. मधली सगळी सावली रिकामी. मधुमिता त्या दोघांना समजावत होती, "आम्ही फक्त सावली दिली. तिला अर्थ लोकांनी दिला. डिझाइन इथं समाजानं ताब्यात घेतलंय." त्या बाई म्हणाल्या, "इट्स सो मूव्हिंग." शशांकांनी हॅट काढून छातीशी धरली.

लावण्याबाईंनी कॅमेरा लावला. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, फ्रेमच्या कोपऱ्यात काहीतरी काळं येतंय. मधुमितेनं बघितलं. अलमेलूची छत्री. तिची गोल सावली चक्राच्या कडेवर पडली होती.

माझी पोर चालत अलमेलूकडे गेली. वाकली. लहानपणी वाकायची तशीच, गळ्यात हात टाकल्यासारखी. आणि गोड आवाजात म्हणाली, "अलमेलू अम्मा, थोडा वेळ छत्री मिटता? फोटोत तिची सावली येतेय."

अलमेलूनं तिच्या गालावरून हात फिरवला. "अय्यो, मिटते की कण्णू," म्हणाली, आणि छत्री मिटून मांडीखाली घातली. टोपलीवर पदर ओढला आणि डोळे मिटून बसली, भर उन्हात.

माझ्या डोक्यात काय झालं सांगता येत नाही. मी दुकानातून उडी मारली. चपलांच्या ढिगातून वाट काढत चपला घालूनच गेले. रेलिंगचं दार ढकललं, आत गेले आणि बरोबर नामाच्या मधोमध मांडी घालून बसले. चपलांसकट.

"अलमेलू! ये इकडे! आण ती टोपली!" मी ओरडले. "कोण उठवतंय बघू आपल्याला!"

अलमेलूनं डोळे उघडले. मला बघितलं आणि पांढरीफटक पडली. जागची हलली नाही. गर्दीतून एकच गलका. बदरीनाथ पंचारती घेऊन पुढं धावले. "सीतालक्ष्मी! भ्रष्ट केलंस! ऊठ!"

"नाही उठत. या, ओढा मला."

ओढणार कसे? आत यायचं तर त्यांनाही शंखावर पाय द्यावा लागला असता. रेलिंगपाशी नुसते नाचत राहिले. मला वाटलं, जालं. आता हे विटलं. बाटलं एकदाचं. आता यांना पत्रे काढावेच लागतील आणि साधे लागतील. मी हात जमिनीवर टेकून घट्ट बसले. पाठीवर पत्र्याची धग येत होती, पण डोक्यावर ऊन नव्हतं. उद्घाटनाच्या दिवसानंतर त्या जागेवर बसलेलं पहिलं माणूस मी.

तेवढ्यात गलका थांबला. का थांबला मला कळेना. मी वर बघितलं, तर सगळे माझ्या कपाळाकडे बघत होते. ऊन माथ्यावर आलं होतं. वरच्या भोकातून नामाच्या तीन उजेडाच्या रेघा खाली आल्या होत्या, आणि मी मधोमध बसल्यामुळे त्या माझ्या तोंडावर पडल्या होत्या, भुवयांपासून केसांपर्यंत. हातांवर बघितलं तर तिथंही उजेडाचे तुकडे.

एक म्हातारी पुढच्या रांगेत होती. तिनं हात जोडले आणि देवीपुढे द्यावा तसा हुंदका दिला, "अम्मा! ताये!" तिच्या मागची वाकली. मग तिच्या मागची. बदरीनाथांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं. बँकेतला माणूस तो, हवा ओळखतो. त्यांनी घंटा वाजवली आणि रेलिंगवरून हात लांब करून मला ओवाळायला लागले. मला! आत्ताच भ्रष्ट म्हणालेल्या तोंडानं!

अलमेलूच्या मांडीवर शंख पडला तेव्हा तिला बूड उचलायला लावलं होतं. माझ्या कपाळावर नाम पडलं तर मी देवी. राव घराण्यातली, नऊवारी नेसलेली, दुकानाची मालकीण ना मी!

"गाढवांनो, मी सीतालक्ष्मी आहे! परकराचं कापड विकते!" मी किंचाळले. घंटेत कुणाला ऐकू गेलं नाही. कापराचा धूर नाकातोंडात गेला. मी उठायला लागले.

"आई, हलू नकोस!"

मधुमिता. डोळ्यांत पाणी, दोन्ही हात तोंडावर. "प्लीज आई, एक मिनिट. परफेक्ट आहे. हलू नकोस." तिच्या शेजारी लावण्याबाई गुडघ्यावर बसून खटाखट फोटो काढत होत्या, आणि शशांकांनी पुन्हा मोबाइल माझ्याकडे वळवला होता. नाम, सावली, जुनी मराठी, सगळं एकाच फ्रेममध्ये मिळालं त्यांना.

मी हात टेकून उठतच होते. आणि गर्दीतून अलमेलू आली. उन्हानं चेहरा काळवंडलेला, ओठ सुकलेले. टोपलीतून तिनं एक माळ काढली, गोणपाटाच्या अगदी तळातली, तेवढीच जिवंत राहिलेली असणार. रेलिंगच्या आत हात घालून माझ्या चपलांपाशी ठेवली. मग दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या.

"अलमेलू," मी हळूच म्हटलं, "अगो, मी आहे गे. मी."

"माहीत आहे अक्का," ती म्हणाली. "तुम्ही तुम्हीच. पण सावली पेरुमाळाची आहे ना."

आणि ती मागे फिरली, आपल्या जागेवर उन्हात जाऊन बसली. छत्री तिनं उघडली नाही. फोटो अजून चालले होते.